बॅटरी बदलण्याआधी

अप्पर वर्धाचे दरवाजे उघडले की आर्वी तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत कोणी निवांत झोपत नाही. सिंभोऱ्याचं ते धरण, कागदोपत्री नल-दमयंती सागर. त्याला 13 दरवाजे. तिथून सुटलेलं पाणी कौंडण्यपूरच्या घाटाला भिडतं, देऊरवाड्याच्या पुलाखालून येतं आणि धनोडीजवळच्या निम्न वर्धाच्या जलाशयात शिरतं. त्या धरणाला 31 दरवाजे. वरचा विसर्ग आणि खालचा फुगवटा यांच्या मधल्या पट्ट्यात आमची कपाशीची, तुरीची वावरं आहेत आणि गावंही आहेत.

माझं आर्वीत ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. ट्रॅक्टरचे सेल्फ, अल्टरनेटर, जुन्या गाड्यांचे डायनमो, मोटरसायकलच्या कॉइल प्लेट, वायरिंग, बॅटरी चार्जिंग हे रोजचं काम. या दुकानात बोटीचं इंजिन आलं ते पुरामुळे. पूरबचावासाठी ठेवलेली एक रबरी बोट, तिच्या मागे लावायचं 40 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, टू-स्ट्रोक, सेल्फ स्टार्टचं. मृग लागायला थोडे दिवस होते. तक्रार एकच, बॅटरी टिकत नाही. बोट कोणाची ते इथे सांगत नाही, कारण अशी बोट आणि अशी तक्रार कुठल्याही नदीकाठच्या तालुक्यात सापडेल.

सोबत बोट चालवणारे काका आले होते. ढिवर समाजाचे, लहानपणापासून डोंग्यावर वाढलेले. त्यांनी सांगितलेली हकीकत मला कोणत्याही मीटरपेक्षा जास्त कामाची वाटली.

"भाऊ, मागच्या सालीबी नवी बॅटरी टाकली होती. पुराच्या दिवशी सेल्फनं टिक केलं अन् गप्प बसला. दोरीनं ओढून चालू केलं मंग. रातच्याला मोठा लाइट लावला, तं थोड्या वेळानं तोबी मंद झाला. आता पुन्हा नवी बॅटरी टाकू म्हणते."

"इंजिन चालू असताना लाइट मंद झाला का काका, का बंद केल्यावर?"

"चालूच होतं ना. घरापाशी लावून उभे होतो, लोकं उतरवत होतो. इंजिन हळू ठेवलं होतं."

या शेवटच्या वाक्यात अर्धं निदान होतं. पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हा माझ्या धंद्याचा पहिला नियम आहे. बॅटरी उतरली की नवी बॅटरी आणणं ही दुरुस्ती नव्हे. बॅटरी का उतरली, याचं उत्तर मिळेपर्यंत नवी बॅटरीही त्याच वाटेनं जाते.

इंजिनवरचं झाकण काढलं तेव्हा काकांना वाटलं होतं की बोटीची मशीन म्हणजे वेगळंच काही असेल. मला मात्र ओळखीचंच दिसलं. वर मोठा फ्लायव्हील, ज्याला आम्ही मॅग्नेट म्हणतो. त्याच्या आतल्या कडेला चुंबकं बसवलेली. त्याखाली कॉइल प्लेट. मॅग्नेट फिरला की कॉइलमध्ये एसी करंट तयार होतो, तो दोन वायरींनी बाहेर येतो. या वायरी एखाद्या कंपनीत पिवळ्या असतात, एखाद्या कंपनीत हिरव्या. पुढे रेक्टिफायर-रेग्युलेटर, म्हणजे आपलं आरआर युनिट. ते एसीचा डीसी करतं, व्होल्टेज हाताबाहेर जाऊ देत नाही आणि लाल वायरीनं फ्यूजमधून बॅटरीकडे करंट पाठवतं. आर्वीच्या कोणत्याही चौकात उभ्या असलेल्या मोटरसायकलमध्ये हेच आहे. ओले एव्हिनरूड यांनी 1909 च्या सुमारास अमेरिकेत आउटबोर्ड इंजिन विकायला सुरुवात केली तेव्हा त्यात बॅटरी चार्ज करायची सोयच नव्हती. सेल्फ आला, लाइट आला, आणि मग चार्जिंग आलं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. अशा टू-स्ट्रोक इंजिनात प्लगला ठिणगी देणारी कॉइल वेगळी आणि बॅटरी चार्ज करणारी कॉइल वेगळी असते. त्यामुळे बॅटरी मेली तरी दोरी ओढून इंजिन चालू होतं आणि तासन् तास चालतं. चालवणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. चार्जिंग बंद पडल्याचं इंजिन कधीच सांगत नाही. नव्या फ्यूल इंजेक्शनच्या इंजिनांत तर याच्या उलट होतं. त्यांच्या कॉम्प्युटरला आणि पंपाला पुरेसं व्होल्टेज लागतं. बॅटरी पार उतरलेली असेल तर त्यातली कित्येक इंजिनं दोरी ओढूनही दाद देत नाहीत. आपल्या बोटीचं इंजिन यातलं कोणतं, हे चालवणाऱ्याला घाटावरच माहीत असलं पाहिजे. पाण्यात गेल्यावर ते कळून उपयोग नाही.

पहिलं काम बॅटरीचं. रात्रभर चार्जरवर लावली, 70 अँपियर-अवरची बॅटरी असल्यानं 7 अँपियरच्या आसपास, सावकाश. घाईनं जास्त करंट देऊन बॅटरी उकळवली की प्लेटा वाकतात. चार्जर काढल्यावर काही तास नुसती ठेवली, कारण ताज्या चार्जचं वरवरचं व्होल्टेज फसवतं. निवांत ठेवलेल्या, चांगल्या भरलेल्या बॅटरीला 12.6 व्होल्टच्या वर दिसलं पाहिजे. 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे रिकामी. इथे दिसलं 12.3. मग हायड्रोमीटर घातला. पाच खाने 1240 ते 1250 च्या दरम्यान, एक खाना 1150. एक सेल गेला होता. फार वापरून बॅटरी गेली असती तर सगळेच खाने सारखे थकले असते. ही बॅटरी वारंवार अर्धवट भरून, नंतर महिनोन् महिने तशीच पडून राहून खराब झाली होती, असा माझा अंदाज होता, आणि काकांना विचारल्यावर तो पक्का झाला. पावसाळा संपला की बोट, इंजिन, बॅटरी, सगळं एका टिनाच्या शेडमध्ये जात होतं. आर्वीचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना टिनाखालची उष्णता सांगायला नको. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरी आपोआप उतरायचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. ऑक्टोबरात अर्धवट भरलेली ठेवली, ती संक्रांतीनंतर रिकामी, आणि पुढचे सगळे महिने तिच्या प्लेटांवर सल्फेट चढत जाणार. जूनमध्ये तिला चार्जर लावून काय साधणार?

म्हणजे बॅटरी खरंच खराब होती. इथे थांबलो असतो तर नवी बॅटरी बसली असती, बिल निघालं असतं आणि पुढच्या पुरात काका पुन्हा दोरी ओढत बसले असते. दुकानातली एक खात्रीची, पूर्ण भरलेली बॅटरी घेतली आणि पुढच्या सगळ्या तपासण्या तिच्यावर केल्या. खराब बॅटरी लावून चार्जिंग तपासलं तर प्रत्येक आकडा खोटा येतो.

आउटबोर्ड इंजिन कोरडं चालवता येत नाही. खालच्या पायातला रबराचा पंप नदीचं पाणी ओढून इंजिन थंड करतो आणि पाणी नसेल तर तो रबर बघता बघता जळून जातो. म्हणून दुकानामागे लाकडी ठोकळ्यांचा भक्कम घोडा उभा केला, पंखा काढून ठेवला, इंजिनाचा पाय दोनशे लिटरच्या ड्रममध्ये पाणी भरून बुडवला. एकच दक्षता सांगून ठेवतो. उघड्या मॅग्नेटजवळ मफलर, सैल बाही, हातातला गंडा असलं काही नको. मुलांना तर अंगणाबाहेरच ठेवायचं.

इंजिन चालू केलं, वेग वाढवला, बॅटरीच्या टोकांवर मीटर लावला. चार्जिंग व्यवस्थित असेल तर इथे 13.8 ते 14.5 व्होल्टच्या दरम्यान दिसायला हवं. दिसलं 13.1. शून्य नव्हे, पुरेसंही नव्हे. मेकॅनिकला सगळ्यात जास्त चकवणारा आकडा हाच. चार्जिंग पूर्ण बंद असेल तर माणूस शोधायला लागतो. थोडं थोडं होत असेल तर "चालते तं राहू द्या" म्हणून सोडून देतो.

आमच्याकडे अजूनही चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून पाहायची पद्धत आहे. इंजिन बंद नाही पडलं, लाइट लख्ख झाला, म्हणजे चार्जिंग चांगलं. जुन्या डायनमोच्या काळात ते खपून गेलं. अल्टरनेटर आणि आरआर युनिटच्या जमान्यात ही पद्धत सरळ नुकसान करणारी आहे. बॅटरी निघाली की व्होल्टेजला आवरणारं कोणी उरत नाही, ते क्षणात उसळतं आणि डायोड जातात. आउटबोर्डवर तर हे मुळीच करू नये. माझ्या दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना मी पाना हातात द्यायच्या आधी हे सांगतो. बॅटरीची तार उलटी लावली तरी तोच परिणाम होतो, तेवढी एक चूक युनिट जाळायला पुरते.

मग कॉइलकडे वळलो. इंजिन बंद करून तिच्या दोन्ही वायरींचा प्लग सोडवला. ओहम मोजण्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून पाहायच्या, कारण साध्या मीटरच्या वायरींचाच रोध दोन-तीन दशांश ओहम असतो. कॉइलचा रोधही एवढाच, एका ओहमपेक्षा कमी असतो. मीटरच्या वायरींचा रोध वजा केला नाही तर चांगली कॉइल खराब वाटते. कॉइलचा आकडा बरोबर आला. नंतर एक पिन कॉइलच्या वायरीला, दुसरी इंजिनच्या बॉडीला लावली. इथे काहीच दिसायला नको, आणि काहीच दिसलं नाही. म्हणजे कॉइल कुठे बॉडीला लागलेली नाही. प्लग सुटाच ठेवून इंजिन पुन्हा चालू केलं, मीटर एसीवर ठेवला. वेग वाढवला तसं व्होल्टेजही सरळ वाढत गेलं. मध्येच अडखळलं नाही. कॉइल आणि मॅग्नेट निर्दोष ठरले. सगळ्यात महाग आणि काढायला सगळ्यात अवघड भाग हाच असतो आणि अनेक ठिकाणी आधी तोच बदलला जातो. मॅग्नेट ओढायला पुलर लागतो, ताकदीनं ठोकला तर चुंबक निखळतं. इतकी उठाठेव करायच्या आधी दोन वायरींवर मीटर टेकवायला पाच मिनिटं लागतात.

आरआर युनिटचे डायोडही तपासले. मीटर डायोडच्या खुणेवर, एका दिशेनं अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा, पिना उलट केल्यावर काही नाही. प्रत्येक जोडी तशीच. युनिटही चांगलं होतं.

कॉइल चांगली, युनिट चांगलं, खात्रीची बॅटरी, आणि तरी 13.1. सुटे भाग बदलून काम करणाऱ्या माणसाची वाट इथे संपते. माझ्या मते खरं काम इथूनच सुरू होतं. सगळे भाग धडधाकट असूनही काम होत नसेल तर दोष भागांच्या मधल्या वाटेत असतो.

प्लग जोडले, इंजिन वेगात ठेवलं, एक लहान दिवा लावला म्हणजे वायरींतून करंट वाहत राहील. आता मीटर डीसीवर, पण बॅटरीच्या दोन टोकांवर नाही. लाल पिन युनिटच्या लाल वायरीच्या तोंडाशी, काळी पिन बॅटरीच्या प्लसवर. एकाच वायरीची दोन टोकं ही. यांच्यात व्होल्टेज जवळजवळ शून्य हवं, फार तर 0.2. आलं 0.9. मायनसच्या बाजूला युनिटच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत 0.4. दोन्ही मिळून 1.3 व्होल्ट वाटेतच जात होते. युनिटच्या तोंडाशी मोजलं तर 14.4 बरोबर मिळत होते. विहिरीवरचा पंप पूर्ण दाबानं चालू आहे, पण पाइपात गाळ बसल्यानं वावराच्या टोकाला धार पोहोचत नाही, तशी ही स्थिती.

यातला खरा घोळ पुढे आहे. युनिट आपल्या स्वतःच्या तोंडाशी असलेलं व्होल्टेज पाहून ठरवतं की बॅटरी भरली की नाही. त्याला तिथे 14.4 दिसत होते, म्हणून ते हात आखडता घेत होतं. बॅटरीला मात्र 13.1 मिळत होते. अशी बॅटरी पूर्ण कधी भरतच नाही. रोज थोडी उपाशी राहते आणि शेवटी तिच्यावर सल्फेट चढतो. नवी बॅटरी लावा, जुनी लावा, फरक पडत नाही. दोन वर्षं बॅटरीवर ठेवलेला ठपका वायरीचा होता.

आता ते 0.9 व्होल्ट नेमके कुठे जातात, हे शोधायला एक पिन जागेवर ठेवून दुसरी हळूहळू सरकवत नेली. युनिटपासून पहिल्या जोडापर्यंत काही नाही. फ्यूजच्या अलीकडे काही नाही. फ्यूजच्या पलीकडे एकदम आकडा उसळला. फ्यूज जळलेला नव्हता, म्हणून आजवर कोणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. होल्डर उघडला. पितळेच्या पट्ट्या हिरव्यागार, एका बाजूचं प्लास्टिक उष्णतेनं तपकिरी झालेलं, आणि वायर दाबून बसवली होती तिथे तांब्याच्या बारीक तारांपैकी मोजक्याच शिल्लक. बाकीच्या काळ्या भुकटीसारख्या. बाहेरून रबरी टोपी मात्र नवी दिसत होती. मी ती वायर चिमटीत धरून काकांना दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "एवढ्यासाठी आमी दोन साल दोरी ओढली?"

मायनसच्या बाजूला अर्थिंगच्या वायरीचा लग, म्हणजे टोकाचं कडं, रंगावर कसला होता. कधीतरी इंजिनाला रंग मारताना तो लगखालच्या ब्रॅकेटवरही बसला असणार. बोल्ट घट्ट होता, पण धातूला धातू टेकत नव्हता. पॉलिश पेपरनं जागा उघडी पांढरी केली, नवा लग दाबून सोल्डर केला, बोल्ट कसल्यावर वरून ग्रीस लावलं. ग्रीस आधी लावायचं नाही. आधी धातू टेकू द्यायचा, मग हवा आणि ओल अडवायला ग्रीस. फ्यूजसाठी झाकणबंद होल्डर बसवला, वायर एक माप जाड घेतली. शेडमध्ये उंदरांनी कुरतडलेली एक वायर होती, तिलाही नवा तुकडा जोडून वर नळी चढवली. पुन्हा मोजलं. प्लसच्या बाजूला 0.1, मायनसला त्याहून कमी, बॅटरीवर 14.2. एकूण साहित्य किरकोळ होतं. नव्या बॅटरीच्या किमतीच्या आसपासही ते जात नव्हतं.

पण काकांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं, इंजिन हळू ठेवून घरापाशी उभे होतो. फ्यूज दुरुस्त झाला म्हणून ती रात्र वेगळी गेली असती का? कागद घेतला. या इंजिनाची चार्जिंग कॉइल 80 वॅटची. म्हणजे भरधाव असताना जेमतेम 6 अँपियर. हळू चालवलं तर एक-दोन. त्या बोटीवरचा शोधदिवा 100 वॅटचा, तो 8 अँपियरच्या वर ओढतो. म्हणजे सगळं नवंकोरं असतानाही, लाइट लावून इंजिन हळू ठेवलं की दर तासाला बॅटरीतून 6 अँपियर-अवर कमी होत जाणार. पुरात बोट भरधाव कधी चालते? घरांच्या भिंती, विजेच्या तारा, झाडांच्या फांद्या यांच्यामधून ती हळूच न्यावी लागते आणि लोक चढेपर्यंत थांबवावी लागते. बचावाचं काम म्हणजे लाइट पूर्ण आणि इंजिन मंद. चांगल्या भरलेल्या बॅटरीवर हे पाच-सहा तास निघेल, अर्धवट भरलेल्या बॅटरीवर एक-दोन तासही नाही. सेल्फचा दोष यात फार थोडा. सेल्फ शंभर-सव्वाशे अँपियर ओढतो खरा, पण पाच सेकंद. तेवढं भरून काढायला 5 अँपियरच्या चार्जिंगला दोन-तीन मिनिटं पुरतात. बॅटरी मारतो तो लाइट.

हे काही बिघाड नव्हतं. बोटीवर सामान लावताना कोणीतरी हिशोब केला नव्हता, इतकंच. 100 वॅटच्या हॅलोजनऐवजी 20-25 वॅटचा एलईडी दिवा लावला की खर्च 2 अँपियरवर येतो आणि मंद इंजिनही तो जवळजवळ भागवतं. मी तसं लिहून दिलं. सोबत दुसरी एक बॅटरी फक्त लाइटसाठी वेगळी ठेवा, म्हणजे सेल्फच्या बॅटरीला कोणी हात लावणार नाही, हेही लिहिलं. मोठ्या बोटींवर हे बऱ्याचदा आधीपासून असतं. तालुक्याच्या बोटीवर असायला काय हरकत आहे?

मग पंखा परत बसवून, त्यांच्याच माणसांसोबत निम्न वर्धाच्या पाण्यात चाचणी घेतली. ड्रममधली चाचणी अर्धीच असते. ड्रममध्ये इंजिनवर ओझं नसतं, लाटेचा हादरा नसतो, आणि सैल लग हादऱ्यातच उघडा पडतो. जाकिटं घालून, इंजिन बंद करणाऱ्या दोरीचा फास काकांच्या मनगटाला अडकवून निघालो. मीटर बॅटरीवर लावूनच ठेवला होता. मंद वेगात, लाइट बंद असताना 13.4. मध्यम वेगात 14.2. लाइट लावल्यावर मंद वेगात 12.5 आणि हळूहळू खाली. हा शेवटचा आकडा काकांना मुद्दाम दाखवला. आपला हिशोब खरा ठरतो आहे याचं मला समाधान वाटलं, त्याहून जास्त हे वाटलं की हा माणूस आता पुरात हा आकडा पाहून निर्णय घेईल. तासाभरानं दहा-पंधरा मिनिटं मोकळ्या पाण्यात इंजिन वेगात चालवायचं आणि तेवढा वेळ लाइट बंद ठेवायचा, हे त्यांनी स्वतःच ठरवलं.

याच वर्धा नदीनं 30 जुलै 1991 ला वरच्या अंगाचं मोवाड गाव धुऊन नेलं. 204 माणसं गेली. नरखेड तालुक्यातलं ते गाव नंतर नव्यानं वसवावं लागलं. माझ्या आधीच्या पिढीतले लोक अजून त्या दिवसाचं बोलताना आवाज खाली आणतात. 14 सप्टेंबर 2021 ला वरूड तालुक्यात झुंजजवळ याच नदीत नाव उलटून एकाच कुटुंबातले 11 जण बुडाले. त्या नावेचा इंजिनाशी काही संबंध नव्हता, पण पुढचे काही दिवस बचाव पथकांच्या बोटी त्याच पाण्यात शोध घेत होत्या. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला असतात. नागपूरहून निघालेलं पथक आर्वीच्या नदीकाठापर्यंत पोहोचेपर्यंत जे काही करायचं ते तालुक्यातल्याच बोटीनं करायचं असतं. आणि त्या बोटीची लाज एका फ्यूज होल्डरवर अवलंबून असते.

ट्रॅक्टरचं चार्जिंग बिघडलं तर शेतकरी दुसऱ्या दिवशी दुकानात येतो, कारण ट्रॅक्टर रोज चालतो. बचावाची बोट वर्षातून चार-सहा दिवस चालते आणि तिचा प्रत्येक दोष त्या चार-सहा दिवसांतच उघडा पडतो. म्हणून तिला ट्रॅक्टरपेक्षा जास्त निगा लागते. मी त्या लोकांना एक साधी वही करून दिली. महिन्यातून एकदा बॅटरी चार्जरवर लावायची आणि दुसऱ्या दिवशी निवांत व्होल्टेज लिहायचं. महिन्यातून एकदा इंजिन ड्रममध्ये चालवायचं आणि वेगात असतानाचं व्होल्टेज लिहायचं. मृगाच्या आधी एकदा खऱ्या पाण्यात, लाइट लावून. शेडमधून बॅटरी काढून थंड खोलीत ठेवायची, मायनसची तार सोडवून. मास्टर स्विच बंद आहे का ते हात लावून पाहायचं. साध्या मीटरनं हे सगळं होतं, त्याला माझ्यासारखा मेकॅनिक लागत नाही. 12.6 च्या जागी 12.3 आणि 14.2 च्या जागी 13.5 दिसलं की तेव्हा मला फोन करा, म्हटलं. पुराच्या रात्री फोन केला तर माझ्या हातातही काही नसतं.

काकांना लिहिता येत नाही, पण आकडे वाचता येतात. त्यांच्या नातवानं वहीचं पहिलं पान भरलं.

नदीकाठच्या गावांत राहणाऱ्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे. तुमच्या गावासाठी नेमलेली बोट कुठे ठेवली आहे ते ग्रामपंचायतीत आणि तहसीलमध्ये जाऊन विचारा. तिचं इंजिन पाण्यात शेवटचं कधी चालवलं, त्या दिवशी बॅटरीवर किती व्होल्ट होते आणि ते कुठे लिहिलं आहे, हेही विचारा. मृगाच्या आधी विचारा.